दहा फूट चित्रफीत

(हिरोशिमा दिनानिमित्त कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून मी अनेक वर्षे विद्यार्थ्यांना युद्धाच्या खर्चाची कोष्टके शिकवली. किती कारखाने उद्ध्वस्त झाले, उत्पादन किती घटले, पुनर्रचनेस किती भांडवल लागले, हे सारे त्यांत असे. जळालेल्या माणसाची पाठ कोणत्या रकान्यात लिहावी, असे मला कुणी विचारले नाही आणि मीही स्वतःला कधी विचारले नाही. निवृत्तीनंतर एका लष्करी कॅमेरामनची हकीकत वाचनात आली, तेव्हा हा प्रश्न समोर उभा ठाकला.

१९४४ साली अमेरिकेने बॉम्बफेकीच्या परिणामांची पाहणी करण्यासाठी एक मोठे मंडळ नेमले होते. जर्मनीतील पाहणीत त्याच्या आर्थिक विभागाची धुरा जॉन केनेथ गालब्रेथ यांच्याकडे होती. हेच पुढे १९६१ ते १९६३ या काळात भारतात राजदूत होते. या मंडळाच्या कामासाठी लेफ्टनंट डॅनियल मॅकगव्हर्न याच्या नेतृत्वाखाली एक चित्रपथक जपानमध्ये गेले. हर्बर्ट ससन हा तरुण अधिकारी त्याचा सहकारी होता. १९४६ च्या पूर्वार्धात या पथकाने हिरोशिमा, नागासाकी आणि इतर शहरांत सुमारे ९०,००० फूट रंगीत चित्रफीत टिपली. ढिगारे टिपले, तसेच रुग्णालयांतील माणसेही टिपली.

जानेवारी १९४६ च्या अखेरीस ओमुरा येथील रुग्णालयात त्यांना सुमितेरु तानिगुची हा मुलगा आढळला. बॉम्ब पडला तेव्हा तो १६ वर्षांचा होता आणि सायकलवरून टपाल वाटत होता. त्याची संपूर्ण पाठ भाजली होती आणि तो पालथा पडून होता. असे पालथे त्याला सुमारे २१ महिने काढावे लागले. ते लाल मांस रंगीत फितीवर जसेच्या तसे उतरले.

आता मुद्द्याकडे येतो. जुलै १९४६ मध्ये त्या मंडळाचा जपानविषयक अहवाल प्रसिद्ध झाला. अणुबॉम्ब टाकले नसते, रशिया युद्धात उतरला नसता आणि भूमीवर चढाई झाली नसती, तरीही ३१ डिसेंबर १९४५ पूर्वी जपान निश्चितपणे शरण आला असता, असा निष्कर्ष त्यात नोंदवला आहे. या निष्कर्षावर इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु इतका गैरसोयीचा निष्कर्षही सरकारने छापू दिला. चित्रफीत मात्र गोपनीय ठरवून कुलुपात ठेवली. आकड्यांचे भय सत्तेला फारसे वाटत नाही, कारण आकडा वाचून कुणाची झोप उडत नाही. त्या मुलाची पाठ एकदा पाहिलेला नागरिक पुढच्या बॉम्बच्या खर्चाला सहजासहजी संमती देणार नाही, हे सत्ताधाऱ्यांनी आपल्याआधी ओळखले होते.

हा केवळ अमेरिकेचा दोष आहे असे समजू नका. जपानी चित्रकारांनी टिपलेली कृष्णधवल फीतही अमेरिकनांनी जप्त केली होती. तिची प्रत १९६७ मध्ये जपानला परत मिळाली, तेव्हा खुद्द जपानी सरकारने जखमी माणसांची दृश्ये वगळून ती जनतेला दाखवली. गुप्ततेच्या बाबतीत जेता आणि जित यांचे असे एकमत होते.

ससन पुढे दूरचित्रवाणीच्या व्यवसायात शिरला. आपण टिपलेली फीत लोकांपुढे यावी म्हणून त्याने वर्षानुवर्षे खटपट केली. यश आले नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस हिरोशिमा-नागासाकीच्या छायाचित्रांचे प्रदर्शन न्यूयॉर्कमध्ये भरले होते. तेथे त्याची एका जपानी कार्यकर्त्याशी गाठ पडली. ‘मी स्वतः तेथे रंगीत चित्रीकरण केले आहे’, या अर्थाचे त्याचे बोलणे ऐकून तो कार्यकर्ता शोधाला लागला आणि फीत अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सापडली. गोपनीयतेचा शिक्का तोवर निघाला होता, पण ती तेथे आहे हे सांगणारे कुणी नव्हते.

फितीची प्रत घ्यायची तर पैसा हवा. जपानमधील नागरिकांनी त्यासाठी सरकारपुढे हात पसरला नाही की धनिकाचे दार ठोठावले नाही. प्रत्येकाने ३००० येन द्यावे आणि दहा फूट फीत विकत घ्यावी, अशी मोहीम त्यांनी काढली. ‘दहा फूट चळवळ’ हेच तिचे नाव. शिक्षक, कामगार, गृहिणी यांच्या वर्गणीतून फीत मायदेशी आली आणि १९८२ मध्ये तिच्यावरून माहितीपट तयार झाले. सामुदायिक मालकी म्हणजे काय, हे मी वर्गात अनेक व्याख्या देऊन शिकवले; त्याहून चांगले उदाहरण मला आज सुचत नाही.

ससन १९८५ मध्ये कर्करोगाने वारला. तानिगुची अण्वस्त्रविरोधी चळवळीचे नेते झाले आणि २०१७ मध्ये निवर्तले. त्यांच्या निहोन हिदान्क्यो या संघटनेला २०२४ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते पाहायला ते नव्हते.

साथींनो, १९७४ आणि १९९८ मध्ये पोखरणला आपणही स्फोट केले. दुसऱ्या वेळी आपल्यापैकी काहींनी पेढे वाटले, हे मी विसरलेलो नाही आणि तुम्हीही विसरू नये. इंग्रजांनी १९२३ मध्ये केलेला शासकीय गुपितांचा कायदा आपण अजून बाळगून आहोत. दुसरीकडे लोकांनी झगडून मिळवलेला २००५ चा माहितीचा अधिकारही आपल्या हाती आहे. २० वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती देण्याची तरतूद त्यात आहे, पण सुरक्षेचा अपवाद तेथेही कायम आहे. त्या अपवादाची भिंत किती जाड असावी, हे ठरवण्याचे काम केवळ अधिकाऱ्यांवर सोपवून चालणार नाही.

म्हणून माझी विनंती साधी आहे. आपापल्या तालुक्यात धरणासाठी उठवलेली गावे, बंद पडलेल्या गिरण्या, दडपलेले अपघात यांची नोंद ज्याने केली, असा कुणी सर्वेक्षक, छायाचित्रकार किंवा कारकून आज वृद्धापकाळात घरी बसलेला असेल. त्याच्याकडे जा आणि त्याला बोलते करा. ससन बोलायला तयार होता. त्याला विचारणारा माणूस भेटण्यात तीस वर्षांहून अधिक काळ गेला. आपण तेवढा उशीर करू नये.