हास्य आणि उपहास
(महोत्सवप्रसंगी केलेले भाषण)



महोत्सवाच्या आनंदात विनोदाविषयी गंभीरपणे बोलणे काहींस अप्रस्तुत वाटेल. परंतु हल्ली सभेत, वर्तमानपत्रात आणि आपल्या खिशातील मोबाइलवर दुसऱ्याच्या जातीचा, धर्माचा वा रूपाचा अपमान करून 'अहो, ही तर थट्टा!' असे म्हणण्याचा प्रघात इतका बळावला आहे की, त्याचा विचार करणे आपले कर्तव्य होय.

हास्य हे पाप नव्हे. १४ जून २०२४ रोजी तत्कालीन पोप, दिवंगत फ्रान्सिस महाराज, यांनी शंभराहून अधिक विनोदी कलावंतांस व्हॅटिकनमध्ये भेट दिली. आपण प्रियजनांची थट्टा करतो तसे देवाविषयीही हसता येते, असे ते म्हणाले. सत्ताधाऱ्याचा दंभ उघडा पाडणारा विनोद तर दुर्बळ प्रजेचे शस्त्रच आहे. मग विष कालवले जाते ते कोठे?

आफ्रिकेतील रवांडा देशाकडे पाहा. तेथील बहुसंख्य प्रजा तेव्हा कॅथलिक होती. जुलै १९९३ मध्ये तेथे आरटीएलएम नावाचे खासगी नभोवाणी केंद्र सुरू झाले. सरकारी नभोवाणी रुक्ष. हे केंद्र मात्र आवडती गाणी लावी, श्रोत्यांशी गप्पा मारी, चुटके सांगे. तरुण मंडळी त्यावर लुब्ध झाली. त्याच गप्पांतून अल्पसंख्य तुत्सी लोकांस झुरळे म्हटले जाई, त्यांच्या उंचीची व नाकाची टवाळी होई. एप्रिल १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्षांचे विमान पाडले गेले व कत्तल सुरू झाली. तेव्हा तेच केंद्र कोणास शोधून मारावे हे सांगू लागले. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. न्तारामा येथे तर चर्चमध्ये आसऱ्यास आलेली हजारो माणसे बळी पडली. मारणारे आणि मरणारे यांतील पुष्कळजण एकाच विश्वासात वाढलेले होते!

केवळ विनोदाने हे घडले, असे मी म्हणत नाही. युद्ध, सत्तालोभ आणि जुने वैर ही कारणे होतीच. तथापि विनोदाने एक कार्य केले: माणसाची लाज काढून घेतली. उघड द्वेष ऐकला की श्रोता बिचकतो. त्याच द्वेषावर हसला की तो नकळत संमती देऊन बसतो, आणि हरकत घेणारा अरसिक ठरतो.

३ डिसेंबर २००३ रोजी अरुशा येथील आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने या केंद्राचे दोन सूत्रधार व 'कांगुरा' या पत्राचा संपादक यांस दोषी ठरविले. २००७ मध्ये अपिलात शिक्षा कमी झाल्या. परंतु निर्दोष कोणीही ठरला नाही. आणि मार्च २०१७ मध्ये फ्रान्सिस महाराजांनी, द्वेषास बळी पडलेल्या ख्रिस्तसभेच्या लोकांकरिता, त्यांतील धर्मगुरू व व्रतस्थांकरिताही, देवाजवळ क्षमा याचिली. धर्मगुरू या नात्याने ते शब्द वाचताना माझी मान खाली जाते.

तेव्हा विवेक असा करावा. विनोद माणसाच्या करणीवर आहे की त्याच्या जन्मावर? मनुष्य आपला दंभ टाकू शकतो. आपले नाक, आपली जात, आपली मातृबोली टाकू शकत नाही. असा चुटका हाती आला तर तो पुढे धाडू नका; पंगतीत कोणी सांगितला तर हसू नका. सगळे हसत असता गप्प राहणे सोपे नाही, हे मी जाणतो. पण प्रभूला काट्यांचा मुकुट घालून नमस्कार करणारे शिपाईही थट्टाच करीत होते, हे आपण विसरू नये.

आपल्या घरांत हास्य नांदो, आणि त्या हास्याने कोणाही शेजाऱ्याची मान खाली न जावो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.