जोडाची जागा
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



सातवी शिकलेली बाई हृदयाच्या बायपासवर काय बोलणार, असे कोणाच्या मनात आले तर त्यात गैर नाही. पण शिवणकाम आपणां सर्वांना येते आणि हा विषय पुष्कळसा शिवणाचाच आहे, म्हणून उभी राहिले.

हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरवते. त्याचे स्वतःचे पोट मात्र त्याच्या अंगावरून गेलेल्या धमन्यांतून भरते. धमनी आतून बुजली की सर्जन दुसरी नळी आणून अडलेल्या जागेच्या पुढे जोडतात. जोड घालतात तेथे धमनीचे तोंड दीड ते दोन मिलिमीटर, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढे! दोरा केसासारखा बारीक. १९६४ साली लेनिनग्राडला कोलेसॉव्ह यांनी छातीच्या आतली धमनी वळवून अशी जोडली, आणि १९६७ साली अर्जेंटिनाचे डॉ. फावालोरो यांनी अमेरिकेत क्लीव्हलंड येथे पायाची शीर वापरून ही शस्त्रक्रिया रुळवली.

रक्तवाहिन्या शिवण्याची विद्या त्याहून जुनी. १८९४ साली फ्रान्सचे अध्यक्ष कार्नो यांना लिऑन शहरात कोणी भोसकले. आतली मोठी शीर तुटली होती आणि ती शिवता येईल असे तेव्हा कोणा सर्जनला वाटत नव्हते. कारेल नावाचा तेथला एक तरुण डॉक्टर मग एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडे बारीक टाके शिकायला गेला, असे सांगतात. गोल तोंडाला तीन ठिकाणी टाके घेऊन ताणायचे, म्हणजे त्याचा त्रिकोण होतो आणि सरळ काठ शिवता येतो, ही त्याची युक्ती. १९१२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. त्या बाईंना काय मिळाले, ते मात्र कोणी सांगत नाही.

आता मुद्द्याकडे येते. माझ्या थोरल्या दिरांची शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा घरच्यांचा आग्रह होता की पायाची चांगली रुंद शीर घ्या. एवढा खर्च करतोच आहोत, तर रक्त भरपूर जाऊ दे. सर्जन म्हणाले, छातीतली बारीक धमनी जोडणे अधिक चांगले. जाऊबाई सहीला अडून बसल्या. छातीतले चांगले चाललेले कशाला तोडायचे, आणि तेही बारीक म्हणून? त्यांची शंका वेडगळ नव्हती. फार बारीक नळी खरोखरच वाईट. प्वाझेय नावाच्या फ्रेंच डॉक्टराने १८४० च्या सुमारास काचेच्या नळ्यांतून पाणी सोडून दाखवले की, दाब तोच ठेवून नळीची रुंदी निम्मी केली, तर पाणी सोळाव्या हिश्श्यावर येते.

पण उलट बाजूने रुंदी वाढवीत गेल्याने लाभ होत नाही. पुढच्या बारीक वाटा जेवढे घेतील तेवढेच रक्त जाणार. टाकीपासून कितीही मोठा पाइप आणा, तोटी लहान असली तर बादली लवकर भरत नाही. पायाची शीर तीन ते पाच मिलिमीटर असते. दोन मिलिमीटरच्या धमनीला चार मिलिमीटरची शीर जोडली, तर तिचे तोंड क्षेत्रफळाने चौपट. रक्त तेवढेच, म्हणून शिरेतला वेग चौथाईवर येतो. ओढा रुंद पात्रात शिरला की संथ होतो आणि कडेला गाळ धरतो, तसे. शिवाय जोडावर रक्त समोरच्या भिंतीवर आदळून वळते आणि कोपऱ्यांत भोवरे घालीत रेंगाळते. रक्त जेथे रेंगाळते तेथेच आतले अस्तर हळूहळू जाड होते आणि वाट पुन्हा अरुंद होते. आपण रुंद बाही लहान मुंढ्याला बसवली तर चुण्या पडतात. येथे चुणी म्हणजे गुठळीला घर. म्हणून सर्जन नळीचे टोक तिरके कापतात, की तोंड लांबट व्हावे आणि रक्त घसरत पुढे जावे.

छातीतली धमनी साधारण दोन मिलिमीटरची, म्हणजे मापाला माप. शिवाय ती जन्मापासून धमनीचाच दाब सोसलेली असते; पायाच्या शिरेला ती सवय नसते. दहा वर्षांनी छातीच्या धमनीचे जोड शंभरांत नव्वदांच्या आसपास चालू असतात, शिरेचे जवळजवळ निम्मे बंद पडलेले असतात. बाजारची कृत्रिम नळी का नको, असे कोणी विचारील. सहा मिलिमीटरहून बारीक झाली की तिच्यात रक्त फार लवकर गोठते.

हे सारे सर्जनांनी कागदावर चित्र काढून समजावले. जाऊबाईंनी ते चित्र बराच वेळ पाहिले, म्हणाल्या, “म्हणजे बाही मुंढ्याच्या मापाचीच हवी,” आणि सही केली. मुख्य धमनीला छातीतली धमनी लागली, बाकी दोन ठिकाणी पायाची शीर.

आता दीर हिंडतात-फिरतात. बरे वाटू लागल्यावर मध्यंतरी त्यांनी ॲस्पिरिनची गोळी आपल्या मनाने सोडली होती. जोड शिरेचे असोत की धमनीचे, डॉक्टरांना विचारल्यावाचून ती सोडायची नसते. तेव्हापासून जाऊबाई ती रोज जेवणानंतर त्यांच्या हातावर ठेवतात, आणि गिळेपर्यंत समोरून हलत नाहीत.