"जेंट्स कोणी सोबत नाही का?"

(कार्यकर्त्यांच्या विभागीय शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



'स्त्रिया आणि सार्वजनिक जागा' या विषयावर आपण सकाळपासून बोलतो आहोत. रस्ता झाला, एस.टी. स्टँड झाला, मुताऱ्यांचा प्रश्न झाला. हॉटेलचं नाव निघालं तेव्हा काही जणी हसल्या. "हॉटेलात उतरणं ही आपली चैन आहे का?" असं एकीने विचारलंही. पण परीक्षेला, मुलाखतीला, कोर्टाच्या तारखेला, नोकरीच्या दौऱ्यावर बायका आता परगावी जातात. दर वेळी मावशीचं घर किंवा मैत्रिणीची सतरंजी मिळतेच असं नाही. रात्री पाठ टेकायला जागा लागते. पैसे मोजून ती तरी मानाने मिळते का, एवढाच माझा मुद्दा आहे.

गेल्या हिवाळ्यात मी आणि माझी सहकारी एका कंपनीत प्रशिक्षण घ्यायला गेलो होतो. विषय होता कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ. कंपनीने देशभर शाखा असलेल्या एका हॉटेलात आमच्यासाठी दोन खोल्या घेतल्या होत्या, पैसेही आधीच भरले होते. गाडीला उशीर झाला, पोहोचायला रात्रीचे साडेदहा वाजले. काउंटरवरच्या मुलाने आधी आमच्या मागे पाहिलं. "जेंट्स कोणी सोबत नाही का?" मग, "काय कामाला आलात?" मग, "मिस्टरांचा नंबर लिहा." माझी सहकारी त्याच जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावची. तिच्या आधार कार्डावर तिथलाच पत्ता. "लोकल आयडीवर रूम देत नाही, आमचा नियम आहे." पाऊण तास उभं राहिल्यावर, दोघींनी एकाच खोलीत राहायचं या अटीवर किल्ली मिळाली. खोली लिफ्टसमोरची, कॅमेऱ्याखालची. "तुमच्या सेफ्टीसाठीच, मॅडम."

त्या सेफ्टीच्या खोलीची आतली कडी लागत नव्हती. बारा वाजता फोन आला, "आणखी काही हवंय का?" साडेबाराला पुन्हा तोच आवाज, तोच प्रश्न. आम्ही दाराला टेबल लावलं आणि आळीपाळीने झोपलो.

सकाळी मॅनेजर म्हणाले, "आमच्याकडे फॅमिली उतरतात. उद्या काही झालं तर पोलीस आम्हालाच धरतात." या भीतीला काहीच आधार नाही असं मी म्हणणार नाही. २०१५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत मढ-अक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे घालून पोलिसांनी सज्ञान जोडप्यांना खोल्यांतून बाहेर काढलं होतं. पण पोलिसांची भीती हॉटेलला, आणि चारित्र्याचा दाखला द्यायचा बाईने, हा कुठला न्याय? निघताना हातात अभिप्रायाचा कागद दिला. चादर कशी होती, नाश्ता कसा होता, गरम पाणी होतं का? चादर स्वच्छ होती, पोहेही बरे होते. जे घडलं ते लिहायला मात्र त्या कागदावर रकानाच नव्हता.

आता दुसरी बाजू. खोली झाडायला आलेल्या बाईंशी आम्ही बोललो. त्या ठेकेदाराकडून कामाला. टॉवेल हरवला तर पैसे त्यांच्या पगारातून कापतात. गिऱ्हाईक खोलीत असेल तर काय करता, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "दार उघडं ठेवते, आणि बादली दारात ठेवते. दार लावायला गेला तर आवाज होतो." तक्रार समितीचं नाव त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. जी साखळी आमच्याकडे नवऱ्याचा नंबर मागत होती, तिने आपल्याच कामगार बाईच्या सुरक्षिततेची जबाबदारी एका बादलीवर सोपवली होती. म्हणून मी म्हणते, ही सुरक्षितता नाही, पाळत आहे. काउंटरच्या अलीकडच्या बाईवर पाळत, आणि पलीकडची वाऱ्यावर.

कायदा काय म्हणतो ते लक्षात ठेवू या. घटनेच्या कलम १५(२) नुसार केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही हॉटेलात मज्जाव करता येत नाही. त्याच कलमात पुढे विहिरी आणि तलाव येतात. १९२७ चा महाडचा सत्याग्रह ज्यांना आठवतो, त्यांना या शेजाराचा अर्थ सांगायला नको. सोबत पुरुष हवा किंवा गावातल्या बाईला खोली नाही, असं सांगणारा कायदा नाही. ओळखपत्र मागणं वेगळं आणि पालक मागणं वेगळं.

२०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात नोकरीनिमित्त आपण जिथे जातो ती जागाही कामाची जागा धरली आहे. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवीच, आणि तिची माहिती ठळक जागी लावायला हवी. समिती नसेल तर पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. तक्रार करणारी बाई तिथे नोकरीला असलीच पाहिजे असं नाही, म्हणजे मुक्कामाला आलेली बाईही तक्रार करू शकते. ठेक्यावरची कामगार तर करू शकतेच. मुदत तीन महिन्यांची. पैसे घेऊन खोली नाकारली तर २०१९ च्या ग्राहक कायद्याखाली आपल्या राहत्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगात जाता येतं. त्यासाठी मुदत दोन वर्षांची.

आम्ही मुख्य कार्यालयाला पत्र लिहिलं. उत्तर आलं, "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, पुढील मुक्कामाला दहा टक्के सवलत." समितीबद्दल एक अक्षर नाही. बादलीची गोष्ट आम्ही त्या पत्रात घातली नव्हती, कारण त्या बाईंची नोकरी गेली असती. ती आज इथे सांगते आहे, गावाचं नाव न घेता.

तर यापुढे तीन गोष्टी करू. खोली घेताना "एकटी बाई, गावातला पत्ता चालेल ना?" हे लेखी विचारून घ्यायचं. नकार मिळाला तर तोही लेखी मागायचा, पावती जपायची. आणि कुठल्याही हॉटेलात पाय ठेवल्यावर काउंटरवर आपण पहिला प्रश्न करायचा, "समितीचा बोर्ड कुठे लावलाय?" हे खोली झाडणाऱ्या बाईलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारा. मिळालेली उत्तरं या अंकाकडे लिहून पाठवा. पुढच्या शिबिरात ती सगळी वाचू आणि कामगार आयुक्तांकडे एकत्र निवेदन द्यायचं का, ते ठरवू.