फीच्या हिशेबातले मन



समुपदेशकाने स्वतःच्या मनाची काळजी घ्यावी, असे आपल्या प्रत्येक कार्यशाळेत सांगितले जाते आणि आपण सगळे माना डोलावतो. त्यानंतर जे उपाय सुचवले जातात ते बहुधा रविवारी करायचे असतात: प्राणायाम, फिरायला जाणे, एखादा छंद, मित्रमंडळींबरोबर सहल. यातले काहीच वाईट नाही. पण सोमवार ते शनिवार जसा चालला आहे तसाच चालणार असेल, तर रविवार कितीही चांगला गेला तरी तो पुरत नाही. खासगी प्रॅक्टिस करणाऱ्या समुपदेशकाचे मन टिकते की झिजते, हे त्याच्या शिस्तीवर किंवा स्वभावावर थोडे आणि प्रॅक्टिसच्या बांधणीवर फार अवलंबून असते, असे माझे म्हणणे आहे. फी किती, दिवसाला सेशन किती, दोन सेशनच्या मध्ये किती वेळ, सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी सहकाऱ्यासोबत आपल्या कामाची उजळणी, कोणाकडे, आपण आजारी पडलो तर क्लायंटनी कोणाकडे जायचे, या प्रश्नांची उत्तरे म्हणजेच आपली स्वतःची काळजी. ती व्यवसायाचा खर्च आहे आणि जागेच्या भाड्याप्रमाणे तीही फीमध्ये धरली गेली पाहिजे.

हे मी केवळ मत म्हणून मांडत नाही. १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी ‘बर्नआउट’वर पहिला महत्त्वाचा लेख लिहिला, तो मोफत दवाखान्यांत राबणाऱ्या कार्यकर्त्यांना पाहून. कामचुकार माणसे त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हती. सर्वांत झोकून देणारी माणसे आधी कोसळतात, हे त्यांना दिसले होते. क्रिस्टिना मॅस्लाक यांनी १९८१ मध्ये या थकव्याचे मोजमाप तयार केले आणि पुढे मायकेल लायटर यांच्यासह त्याची कारणे शोधली. कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मोबदला, सहकाऱ्यांची सोबत, न्याय्य वागणूक आणि मूल्यांचा मेळ या सहा जागी माणूस आणि काम यांचे बिनसते, असे त्यांनी दाखवले. या सहांत ‘मनाचा दुबळेपणा’ कुठेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद आजार म्हणून न करता कामाशी निगडित घटना म्हणून केली. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांची केनेथ पोप आणि बार्बरा टबॅचनिक यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेली पाहणी तर प्रत्येक नवोदिताला वाचायला द्यावी अशी आहे. उत्तर देणाऱ्यांपैकी ८४ टक्के जण कधी ना कधी स्वतः थेरपी घेऊन आले होते आणि ६१ टक्क्यांना आयुष्यात निदान एकदा नैराश्याने गाठले होते. हे आकडे क्षेत्र सोडून गेलेल्यांचे नाहीत, काम करत असलेल्यांचे आहेत. फ्रॉइडने १९३७ मध्येच लिहून ठेवले होते की विश्लेषकाने दर पाच वर्षांनी स्वतः पुन्हा विश्लेषणाला बसावे. आपल्या व्यवसायाला हे पहिल्यापासून ठाऊक आहे. फक्त त्याची तरतूद कोणी करायची हे ठरलेले नाही.

आता मुंबईच्या आपल्या उपनगरांकडे पाहू. इथे नव्याने प्रॅक्टिस सुरू करणाऱ्याला स्वतःची जागा परवडत नाही. मग एखाद्या फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना दुपारी बंद असतो त्या वेळात भाड्याने मिळतो. भिंतीला वजनकाटा, कपाटावर औषधांच्या सॅम्पलचे खोके, तपासणीच्या टेबलावर चादर, आणि मागच्या भिंतीतून शेजारच्या घरातल्या कुकरची शिट्टी. अशा खोलीत क्लायंट आपल्या आयुष्यातली सर्वांत अवघड गोष्ट सांगत असतो आणि समुपदेशकाचे अर्धे लक्ष याकडे, की आपल्याला कुकर ऐकू येतो तर त्या घरात आपले बोलणे किती ऐकू जात असेल. गोपनीयता हा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने दिलेला हक्क आहे. तो राखण्याचा ताण मात्र या पातळ भिंतीजवळ बसलेल्या एकट्या माणसावर पडतो. खोली तासाच्या भाड्याची, म्हणून सेशन एकामागोमाग एक लावली जातात. मधली दहा मिनिटे सर्वांत आधी जातात. नोंदी लोकलमध्ये लिहिल्या जातात किंवा घरचे जेवणखाण उरकल्यावर रात्री अकराला. आपल्या व्यवसायात स्त्रियांची संख्या मोठी आहे आणि ‘घर सांभाळून करते’ हे त्यांच्याबद्दल कौतुकाने म्हटले जाते. त्या कौतुकातच त्यांच्या फीचा प्रश्न गडप होतो.

हिशेब मांडूनच पाहू. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण कुणालाही आपले आकडे घालून पडताळता येतील. समजा आठवड्याला २० सेशन ठरली, म्हणजे महिन्याला ८०. त्यांतली १० ऐनवेळी रद्द झाली. फी १२०० रुपये धरली तर ७० सेशनचे ८४ हजार येतात. खोलीचे भाडे तासाला ३०० रुपये, आणि ते रद्द झालेल्या तासांचेही द्यावेच लागते, म्हणून २४ हजार. सुपरव्हिजन, प्रशिक्षण, विमा आणि हिशेबनीस मिळून १० हजार. हाती ५० हजार राहतात. आता फी ७०० करा. खर्च तेवढाच, आणि हाती उरतात १५ हजार. मग काय होते, तर सेशन ३५ वर जातात. महिन्याला १४०, त्यांतली १८ रद्द. १२२ सेशनचे ८५ हजार ४०० रुपये, भाडे ४२ हजार, बाकीचा खर्च १० हजार. जवळजवळ दुप्पट राबून हाती ३३ हजार ४००. यात आजारपणाचा आठवडा नाही, गणपती-दिवाळीची सुट्टी नाही, मे महिन्यात क्लायंट गावी जातात तो काळ नाही. या तंगीत पहिली कात्री कशाला लागते? सुपरव्हिजनला, कारण तो खर्च थांबवला तर त्या महिन्यात काहीच बिघडलेले दिसत नाही. बिघडते ते पुढे. संध्याकाळच्या सहाव्या सेशनला बसलेल्या क्लायंटला आपले तयार उत्तर मिळते, त्याचे ऐकून घेणे मिळत नाही. कमी फीचा खरा भुर्दंड असा क्लायंटवरच पडतो, म्हणून फी हा मला नीतीचा प्रश्न वाटतो.

यावर पहिला आणि सर्वांत मनापासून घेतला जाणारा आक्षेप असा, की हे काम व्रत म्हणून करायचे असते आणि आपल्या महाराष्ट्राला सेवेची परंपरा आहे. ती परंपरा मलाही प्रिय आहे. म्हणूनच ती नीट पाहावी असे वाटते. याच मुंबईत र. धों. कर्वे यांनी १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. लैंगिक प्रश्नांनी गांजलेल्या वाचकांच्या पत्रांना ते स्पष्ट, धीराची उत्तरे देत. ज्या काळात असे प्रश्न विचारायला दुसरी जागाच नव्हती, त्या काळातले हे समुपदेशनच होते. या साऱ्या कामासाठी त्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी गमवावी लागली, खटले सोसावे लागले; १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. पैशाची ओढाताण अखेरपर्यंत सुटली नाही आणि संसार पत्नी मालतीबाईंच्या आधारावर चालला. १९५३ मध्ये कर्वे गेले आणि त्याच वर्षी मासिकही संपले. त्या त्यागापुढे मी नतमस्तक आहे. पण एका माणसाच्या आणि त्याच्या घराच्या बळावर उभे असलेले काम त्या माणसाबरोबर थांबते, हेही त्या इतिहासात आहे. याउलट मुलुंडच्या पलीकडे, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था पाहा. तिथेही सेवाभावच आहे, पण कामाला संस्थेचा आणि चमूचा आधार आहे. आपल्या वाट्याला संस्था आलेली नसेल, तर तिने दिलेला आधार आपण प्रॅक्टिसमध्ये दुसऱ्या वाटेने आणला पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. फी वाढवली तर रिक्षावाल्याने, घरकाम करणाऱ्या बाईने, कॉलेजच्या मुलाने जायचे कुठे? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे देशातल्या प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी मानसिक आजार होता आणि वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांवाचून होते. (त्या सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, याची खंत वाटते.) एवढी मोठी दरी खासगी समुपदेशकाने फी कमी केल्याने बुजणार नाही. ती सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांनी, २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानससारख्या मोफत सेवेने, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या आयकॉलसारख्या हेल्पलाइनने आणि विमा कंपन्यांनी बुजवायची आहे. २०१७ च्या कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा द्यायला सांगितले आहे. प्रत्यक्षात बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच उपयोगी पडतात आणि दर आठवड्याचे समुपदेशन त्यांच्या बाहेर राहते. याविरुद्ध आपण एकत्र बोललो तर गरजू माणसाचा जास्त फायदा होईल. तरीही आपली जबाबदारी संपत नाही. आठवड्याच्या वीस जागांपैकी तीन जागा कमी फीच्या, असे आधी ठरवून ठेवावे आणि त्यांचा भार बाकीच्या सतरांच्या फीमध्ये धरावा. असे ठरवले नाही तर प्रत्येक फोनवर नव्याने घासाघीस होते आणि ‘नाही’ म्हणायचे अपराधीपण रोज वाट्याला येते.

तिसरे म्हणणे आपल्यातल्याच जाणत्यांचे असते: बांधणी कशीही असो, शेवटी आपण परिस्थितीकडे कसे पाहतो यावर सारे ठरते. विवेकनिष्ठ विचारपद्धती प्रा. कि. मो. फडके यांनी मुंबईत रुजवली, त्यामुळे हा युक्तिवाद आपल्याला घरचाच वाटतो. पण या पद्धतीचे जनक खुद्द अल्बर्ट एलिस यांनी १९८३ मध्ये थेरपिस्टचा सर्वांत अवघड क्लायंट म्हणजे तो स्वतः, या विषयावर लेख लिहिला. प्रत्येक क्लायंटच्या बाबतीत मला यश आलेच पाहिजे, सर्वांनी मला मानलेच पाहिजे, अशा हट्टांची चिकित्सा त्यांनी त्यात केली. स्वस्त फी, रात्री साडेदहाला उचललेला फोन, न घेतलेली सुट्टी यांच्या मुळाशी हेच हट्ट असतात. म्हणजे विचार आणि बांधणी वेगळे नाहीत. आपला अविवेक आपल्या वेळापत्रकात लिहिलेला असतो. तो कोणाला तरी वाचून दाखवल्याशिवाय आपल्याला दिसत नाही, म्हणून सुपरव्हिजन हवे. ब्रिटनमध्ये बीएसीपी ही समुपदेशकांची संघटना आपल्या काम करणाऱ्या सदस्यांना नियमित सुपरव्हिजन बंधनकारक करते, अधिस्वीकृत सदस्यांना तर महिन्याला निदान दीड तास, मग त्यांचा अनुभव कितीही वर्षांचा असो. आपल्याकडे नैदानिक मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, इतर मानसशास्त्रज्ञांना २०२१ चा संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा कायदा कवेत घेऊ पाहतो आहे. या नियमांची घडी बसत असतानाच सुपरव्हिजनचा आग्रह आपण धरला पाहिजे.

उपनगरांत याची निकड जास्त, कारण इथे आपण आणि आपले क्लायंट एकाच फलाटावर उभे असतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा दोघांचीही घरे पाण्यात होती. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये स्फोट झाले, त्याआधी २००३ च्या मार्चमध्ये मुलुंडला, आणि २०२४ च्या मे महिन्यात घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ माणसे गेली. मार्च २०२० नंतर तर समुपदेशक स्वतःच्या वन-बीएचकेच्या बाल्कनीत दार लोटून फोनवर सेशन घेत होते आणि आत घरचा माणूस तापाने फणफणत होता. ज्या संकटाबद्दल क्लायंट बोलतो ते आपलेही असते, तेव्हा ऐकणाऱ्याचे अंतर राखण्याचे नेहमीचे कसब अपुरे पडते. अशा वेळी तिसरे कोणीतरी लागते, आणि ते माणूस आधीपासून ठरलेले असावे लागते; संकट आल्यावर ते शोधता येत नाही.

म्हणून समुपदेशकांच्या या संमेलनापुढे दोन कामे ठेवतो. घाटकोपर ते वर्सोवा मेट्रोमुळे २०१४ पासून मध्य आणि पश्चिम उपनगरे जवळ आली आहेत. त्या मार्गावर महिन्यातून एकदा, सहासहा जणांचे गट बसून एकमेकांचे काम ऐकतील अशी सोय व्हावी. नाव न घेता क्लायंटबद्दल कसे बोलायचे याचे लेखी नियम असावेत, आणि पहिल्या दोन वर्षांतल्या समुपदेशकांकडून या गटांचे पैसे घेऊ नयेत. तो खर्च आपण ज्येष्ठांनी उचलावा. दुसरे काम आपल्याला बोलायला जड जाते. एकट्याने प्रॅक्टिस करणारा समुपदेशक अचानक दगावला किंवा अंथरुणाला खिळला, तर त्याच्या क्लायंटना कळवणार कोण? पासवर्डमागे असलेली त्यांची नावे घरच्यांना ठाऊक नसतात, आणि नसावीतच. प्रत्येकाने एक सहकारी नेमून, क्लायंटची यादी त्याला केव्हा आणि कशी मिळेल, नोंदी कोणी नष्ट करायच्या, हे लिहून ठेवावे आणि क्लायंटला पहिल्याच भेटीत तसे सांगावे. त्याचा मसुदा दुपारच्या सत्रात सगळ्यांच्या हाती येईल. तो कोरा घरी नेऊ नका. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याचे नाव, त्यांना विचारून, इथेच त्यात लिहा.