सुई टोचण्याआधी



आपल्या पाड्यांवरच्या आरोग्य शिबिरांत अ‍ॅक्युपंक्चरची सोय करावी, अशी सूचना काही देणगीदारांनी केली आहे. त्याविषयी थोडे बोलते.

लावणीत दिवसभर वाकणाऱ्या, डोक्यावर मोळी नि हंडे वाहणाऱ्या बाया आमच्याकडे कंबर, मान नाहीतर गुडघे धरून येतात. दुखण्यावरच्या काही गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर पोटाला आणि मूत्रपिंडाला अपाय होतो. म्हणून ही सूचना मला मोलाची वाटते.

ही चीनची प्राचीन उपचारपद्धती. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, त्याच पथकातील डॉ. बी. के. बसू यांनी पुढे तिथे ही विद्या शिकून ती कलकत्त्यात आणली.

जुनी कंबरदुखी, मानदुखी, गुडघ्याची झीज, वरचेवर येणारी अर्धशिशी यांत अनेकांना उतार पडतो, असे अभ्यासांत दिसले आहे. मात्र खोट्या सुयांशी तुलना केली, तेव्हा फरक बहुधा थोडाच निघाला. म्हणजे विसावा, स्पर्श आणि विश्वास यांचाही त्यात वाटा असतो.

काही जण विचारतात, विश्वासी माणसाने हे घ्यावे का? चिनी शास्त्र शरीरात ‘ची’ नावाची शक्ती वाहते असे मानते. आजचे संशोधक मज्जातंतू आणि मेंदूतल्या वेदनाशामक द्रव्यांविषयी बोलतात. सुई टोचून घ्यायला ‘ची’ मानावी लागत नाही.

माझी काळजी वेगळी आहे. पाड्यावर सुई म्हणजे इंजेक्शन, आणि इंजेक्शन घेतले की आजार गेला, अशी समजूत असते. या सुईत औषध नसते, हे त्यांच्या बोलीत सांगायलाच हवे. हिवताप, क्षय, सर्पदंश, कुपोषण यांवर हा इलाज नव्हे. आपल्या भागात सिकलसेल आहे. त्या कळांनी तळमळणारे लेकरू सुयांसाठी रांगेत बसवले, तर दवाखान्यात न्यायची वेळ हातची जाईल.

म्हणून माझे म्हणणे असे. आधी डॉक्टरांनी तपासावे, रक्त पाहावे, सुया नंतर. चालू औषधे कुणी बंद करू नयेत. गरोदर बाई किंवा रक्त पातळ करण्याची गोळी घेणारा असेल, तर डॉक्टरांना विचारूनच पुढे जावे. महाराष्ट्रात या पद्धतीसाठी २०१५ चा कायदा आहे. नोंदणी असलेल्यालाच बोलवावे. छातीवर चुकीच्या जागी खोल गेलेली सुई फुप्फुसाला इजा करू शकते. दर माणसाला नवी, निर्जंतुक सुई हवी, नाहीतर कावीळ ‘ब’ आणि एचआयव्हीचा धोका. वापरलेल्या सुया जाड, बंद डब्यात जाव्यात.

सुयांचा खर्च फारसा नाही. रक्ततपासणीचा आणि रुग्णाला तालुक्याला नेणाऱ्या जीपचा खर्च मोठा आहे. सुयांसाठी हात पुढे करणाऱ्यांनी त्यालाही हातभार लावावा, एवढी विनंती करते.