शालेय नाट्यमंडळाचा प्रवेशदिन

जून महिन्याच्या अखेरीस वऱ्हाडातील शाळा उघडतात. वर्ग स्थिरस्थावर झाले, की ज्या शाळेत एखादा हौशी शिक्षक असेल तेथील फळ्यावर नाट्यमंडळाची सूचना लागते. शाळा खामगावसारख्या कापसाच्या बाजारपेठेतील असो, की मेहकर-लोणारकडील एखाद्या लहान गावातील असो, बुलढाणा जिल्ह्यातील मुलांच्या दृष्टीने हा दिवस सामान्य नव्हे. नव्या सभासदांना त्या दिवशी काय सांगितले जाते व त्यांच्याकडून काय करवून घेतले जाते, यावर मंडळाचे पुढील सारे वर्ष अवलंबून असते.

बहुधा असे घडते, की त्या दिवसाला परीक्षेचे स्वरूप येते. समजा, नाटकात पात्रे आठ आहेत आणि मुले आली चाळीस. शिक्षक एकेकास उभे करून उतारा वाचावयास लावतात. ज्याचा आवाज खणखणीत व उच्चार पुस्तकी, तो राजा होतो. त्याच्या खालचा प्रधान. अशी आठ नावे निश्चित झाली, की उरलेली बत्तीस मुले दप्तरे उचलून घरी जातात. शिक्षकांचा हेतू वाईट नसतो. स्नेहसंमेलनाची तारीख जवळ येत असते, वेळ थोडा असतो. परंतु 'नाटक हे आपले काम नव्हे' असा जो समज ती बत्तीस मुले बरोबर घेऊन जातात, तो पुष्कळदा जन्मभर टिकतो.

या समजुतीचे खंडन करणारे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे वकिलीच्या निमित्ताने जळगाव-जामोद येथे राहिले. 1896 साली त्यांचे 'वीरतनय' हे नाटक किर्लोस्कर नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. पारशी रंगभूमीच्या धर्तीवरील चाली मराठी नाट्यसंगीतात आणून त्यांनी त्याला नवे वळण दिले. राम गणेश गडकरी त्यांना गुरू मानीत. कोल्हटकरांचे हे स्थान तोंडाला रंग लावून मिळालेले नाही, ते लेखणीने मिळविलेले आहे. गडकऱ्यांचेही तसेच. किर्लोस्कर मंडळीत ते राजाची भूमिका करावयास गेले नव्हते, मंडळीतील मुलांना शिकविण्याचे काम त्यांच्याकडे होते. पुढे त्याच हातांनी 'एकच प्याला' लिहिले. नाटकाच्या घराला अनेक दारे आहेत, आणि पहिल्याच दिवशी एक सोडून बाकीची सारी लावून घेणे यात शाळेचेच नुकसान आहे.

दुसरा प्रश्न भाषेचा आहे, व तो अधिक नाजूक आहे. या भागातील पुष्कळ मुले घरी वऱ्हाडी बोलतात. 'मला' याऐवजी 'मले' आणि 'तुला' याऐवजी 'तुले' हे त्यांच्या जिभेला सहज. 'काळा' हा शब्द त्यांच्या तोंडी 'काया' होतो. असे मूल उतारा वाचावयास उभे राहिले, की वर्गात खसखस पिकते. त्या हसण्यानंतर ते मूल पुन्हा उभे राहत नाही. वस्तुतः लाजण्याजोगे यात काहीच नाही. संस्कृत नाटकांत राजा संस्कृत बोलतो, तर स्त्रीपात्रे व विदूषक प्राकृत बोलतात. स्त्रियांची गीते तर माहाराष्ट्री प्राकृतात रचण्याची रूढी होती. कालिदासाच्या 'शाकुंतला'त अंगठी सापडलेला कोळी आपल्याच बोलीत बोलतो, म्हणूनच तो खरा वाटतो. प्रमाण भाषा शिकविणे हे शाळेचे कर्तव्य आहेच; तथापि ती शिकविण्यासाठी घरची बोली उपहासाचा विषय करण्याचे कारण नाही. पहिल्या दिवशी एखादा लहानसा प्रवेश वऱ्हाडीतच करून घेतला, तर मुलांची भीड निम्मी ओसरेल.

मग त्या दिवशी शिकवावे काय? प्रथम शिकवावे ते ऐकणे. 1843 साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेव्हा नटांच्या हाती लिहिलेल्या नकला नव्हत्या. सूत्रधार पदे म्हणे, आणि त्या अनुरोधाने पात्रे आपली भाषणे उत्स्फूर्तपणे करीत. अशा खेळात जो ऐकत नाही त्याला बोलताच येणार नाही. नव्या मुलांना हाच खेळ द्यावा. एकाने चार ओळींत प्रसंग सांगावा व दोघांनी तो तेथल्या तेथे बोलून दाखवावा. यास खर्च नाही, पोशाख नाही, आणि कोण किती बोलतो याबरोबरच कोण किती ऐकतो हेही शिक्षकांस कळते.

त्यानंतर चाळीसही मुलांना रंगमंचावर नेऊन तेथील कामे दाखवावीत: पडदा ओढणे, तीन घंटा वेळेवर देणे, विंगेत नक्कल घेऊन उभे राहणे व अडलेल्या नटाला हलक्या आवाजात पुढचा शब्द सुचविणे, रंगभूषा, दिवे, सामानाची यादी. प्रत्येकाने प्रत्येक काम निदान एकदा हाताळावे. भूमिकांची वाटणी मात्र महिनाभर करू नये.

यावर आक्षेप असा येईल, की अशाने तालमींना उशीर होईल व प्रयोग कच्चा राहील. उशीर होईल हे खरे आहे, आणि ज्या शिक्षकावर आधीच कामाचा भार आहे त्याला तो जाणवेलही. परंतु नट निवडीने तयार होत नाही, तो तालमीने होतो. 'शारदा'कार गोविंद बल्लाळ देवल यांची कीर्ती नाटककार म्हणून जितकी, तितकीच नटांना शिकविणारे तालीममास्तर म्हणूनही होती. पहिल्या दिवशी ज्याचा आवाज उमटला नाही, त्याचा तो चौथ्या आठवड्यात उमटतो, हे शिकविणाऱ्या अनेकांच्या अनुभवास आलेले आहे.

शालेय नाटकाचा प्रयोग एका संध्याकाळी संपतो. आठ पात्रांना टाळ्या मिळतात, त्या मिळाव्यातही. पण पडदा ओढणाऱ्या मुलाच्या तळहातालाही त्या संध्याकाळची ओळख राहावी, आणि 'मले' म्हणणाऱ्या मुलीला पुढच्या वर्षी सूचना वाचताच पुन्हा यावेसे वाटावे, एवढी व्यवस्था ज्या मंडळाने प्रवेशाच्या दिवशी केली, त्याने नाटकाचा अर्धा अभ्यास पुरा केला असे समजावे.