गिनीपिग पडला तर

गिनीपिग म्हटले की आपल्यापुढे अजून प्रयोगशाळाच उभी राहते. "मला काय गिनीपिग समजलात?" असे आपण रागाने विचारतो. वास्तविक हा प्राणी ना गिनीचा, ना डुक्कर. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतातल्या लोकांनी तो हजारो वर्षांपूर्वी माणसाळवला. आता तो आपल्याकडच्या मुलांच्या मांडीवर येऊन बसला आहे. आणि मांडीवर बसला म्हणजे केव्हातरी पडायचाच.

आमच्याकडे तसेच झाले. धाकटीच्या हातून निसटून तो फरशीवर आदळला, एकदा किंचाळला आणि पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसला. मी म्हणालो, "बघ, झाला शांत. काही लागलेलं नाही त्याला." एम. ए. झालेल्या माणसाचे हे निदान! सकाळी पाहतो तो गवत जसेच्या तसे आणि लेंडीचा पत्ता नाही.

ज्याची शिकार होते तो प्राणी आपले दुखणे लपवतो. दाखवले तर शत्रू आधी त्यालाच गाठणार. म्हणून गिनीपिग गप्प बसला की बरे वाटते आहे असे समजू नका. अंगावरचे केस पिंजारलेले, डोळे अर्धे मिटलेले, आवडीची कोथिंबीर पुढे धरली तरी तोंड फिरवतो, ही दुखण्याची बोली आहे.

उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली हवाच. त्याचा कणा फार नाजूक असतो. मागचे पाय ओढत असेल तर उचलूच नका. जाड पुठ्ठा हळूच अंगाखाली सरकवा आणि तसाच खोक्यात ठेवा. खोक्यात टॉवेल, वर थोडा अंधार. अंग गार लागले तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एकाच बाजूला ठेवा, म्हणजे नको झाल्यास त्याला दूर सरकता येईल.

रक्त येत असेल तर स्वच्छ फडके घडी करून पाच मिनिटे दाबून धरा. घड्याळ लावून, बरं का! थांबलं का म्हणून दर क्षणी उचलून पाहिले की रक्त पुन्हा सुरू होते. नख तुटले असेल तर त्यावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर दाबावे. जखम धुवायला अर्धा लिटर पाणी उकळून गार करावे आणि त्यात एक सपाट चहाचा चमचा मीठ घालावे. जखमेत हळद भरू नका. डॉक्टरांना जखम दिसायला हवी. मोडलेल्या पायाला घरी फळी बांधण्याच्या भानगडीत तर पडूच नका. मांजराचा दात लागला असेल तर जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता सर्वांत महत्त्वाचे. घरातल्या औषधांच्या डब्याला हात लावू नका. अमॉक्सिसिलिनसारखे पेनिसिलिनच्या जातीचे औषध तोंडावाटे दिले तर गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि तो काही दिवसांत दगावू शकतो. आपल्या मुलाला चालते ते त्याला विष ठरते.

दुसरे भय उपासाचे. त्याचे आतडे सतत चालू राहावे लागते. अर्धा दिवस काही खाल्ले नाही तर जखम किरकोळ असली तरी ती तातडीच समजा. शुद्धीवर असेल तर सुके गवत, पाणी, ढोबळी मिरचीची फोड पुढे ठेवा; आपल्याप्रमाणेच त्याच्याही शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. पण तो मलूल पडला असेल किंवा धापा टाकत असेल तर तोंडात काही ओतू नका. ते फुप्फुसात जाईल.

आणि डॉक्टर आजच शोधून ठेवा. आम्ही ज्यांच्याकडे प्रथम धावलो ते म्हणाले, "उंदीर-घुशी आम्ही पाहत नाही." दुसरे सापडेपर्यंत दुपार झाली. मागच्या पायाचे हाड मोडले होते. वेदनेचे औषध आणि पिचकारीने भरवायचे पातळ खाणे घेऊन आम्ही परतलो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर धाकटी रोज त्याचे वजन करून वहीत लिहीत असे. आता तो जरासा लंगडतो, पण फ्रिजचे दार उघडले की शिट्टी मात्र पूर्वीसारखीच घालतो.